एकाच कॉम्प्युटरला अधूनमधून सर्व्हरचं नाव सापडत नाही, आयपीनं मात्र लागतो

ताणाबाणा | सोमवार, दुपारी १२:२०

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत सुताच्या व्यापाराचं आमचं ऑफिस आहे. नऊ कॉम्प्युटर, एक विंडोज सर्व्हर, दोन प्रिंटर. मी अकाउंट्स बघते, पण कॉम्प्युटर अडला की हाक मलाच येते, त्यामुळं जमेल तसं शिकत गेले. आता जे अडलंय ते मात्र तीन आठवडे झाले सुटेना.

गेटजवळच्या काउंटरवर एक कॉम्प्युटर आहे, विंडोज ११. चलन आणि बिलं तिथून निघतात. सगळा डेटा सर्व्हरवर असतो आणि सर्व्हर 'हिशेब' या नावानं उघडतो. दिवसातून तीन-चार वेळा हा एकच कॉम्प्युटर म्हणतो की 'हिशेब' सापडत नाही. दहा-पंधरा मिनिटं गेली की आपोआप चालू होतो, कुणी काही न करता. बाकी आठ कॉम्प्युटर त्याच वेळी व्यवस्थित चालत असतात.

आत्तापर्यंत केलेलं: केबल बदलली. स्विचचा पोर्ट बदलला. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. अपडेट सगळे टाकले. बंद पडलेला असताना सर्व्हरच्या आयपीला, म्हणजे १९२.१६८.१.१० ला पिंग लावला. दोनशे पाकिटं, एकही गळलं नाही. त्याच क्षणी 'पिंग हिशेब' केलं तर 'कुड नॉट फाइंड होस्ट'. म्हणजे रस्ता आहे, फक्त नाव कळत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

आज सकाळी गाडी भरून दारात उभी होती. चलन निघाल्याशिवाय ई-वे बिल नाही, आणि ई-वे बिलाशिवाय गाडी हलवता येत नाही. पाऊण तास ड्रायव्हर उन्हात थांबला. कृपया मदत करा. मोबाइलवरून लिहितेय, कमांड देवनागरीतच लिहिते, समजून घ्या.

निवांत | सोमवार, दुपारी १२:४१

ताई, आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस करून बघा, कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेली नावं त्यानं पुसली जातात. आमच्याकडं यानंच सुटलं होतं.

ताणाबाणा | सोमवार, दुपारी १२:५५

केलंय. कधी लगेच चालू होतं, कधी काहीच फरक पडत नाही. त्यामुळंच गोंधळ वाढलाय.

कोकणवारा | सोमवार, दुपारी २:१०

वाय-फाय आणि लॅन दोन्ही एकदम चालू आहे का त्याला? आमच्या शाळेच्या ऑफिसात हेच होतं. दोन्ही जोडलेली असली की विंडोज कुठल्याही नावाची चौकशी दोन्हीकडं करतं आणि उत्तर भलतीकडून येऊ शकतं. एक बंद केलं आणि त्रास गेला.

ताणाबाणा | सोमवार, दुपारी २:३०

त्या मशिनला वाय-फाय कार्डच नाही. फक्त लॅन.

खाडीकाठ | सोमवार, सायंकाळी ६:०५

मस्कतहून लिहितोय. माझ्या ऑफिसात राउटर स्वतःच आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) वरून आपला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) वाटत होता, आणि कॉम्प्युटर आतल्या सर्व्हरऐवजी त्याला विचारत होते. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये डीएनएस सर्व्हर्सच्या ओळींत 'एफई८०' नं सुरू होणारा पत्ता दिसतो का पाहा.

तोवर अडचण भागवायची तर होस्ट्स फाइलमध्ये आधी सर्व्हरचा आयपी आणि त्याच्यापुढं 'हिशेब' असं लिहून टाका. सिस्टिम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आत ईटीसी फोल्डर. पाच मिनिटांचं काम आहे, गाड्या तरी थांबणार नाहीत.

वायरमन_काका | सोमवार, रात्री ९:१५

होस्ट्स फाइलला माझा विरोध आहे. कारण सांगतो. उद्या सर्व्हरचा आयपी बदलला की त्या एका फाइलमधली ओळ कुणाला आठवणार नाही, आणि ताई परत इथं येऊन विचारतील की आठ कॉम्प्युटर चालतात आणि एक चालत नाही. इंटरनेटच्या सुरुवातीला जगभरातल्या सगळ्या यंत्रांची नावं अशाच एका फाइलमध्ये असायची. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड संशोधन संस्था ती सांभाळायची आणि प्रत्येकानं तिथून उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तसं ते झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. ज्या दुखण्यावर औषध निघून चाळीस वर्षं झाली ते आपण हातानं का ओढवून घ्यायचं?

ताई, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिली आहेत. माझे चार प्रश्न.

एक, खाडीकाठ म्हणतात तेच. आयपीकॉन्फिग /ऑल मधल्या डीएनएसच्या सगळ्या ओळी इथं लिहा. गाळू नका.

दोन, पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा लगेच, फ्लश न करता, आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस करा, म्हणजे लक्षात ठेवलेल्या नावांची यादी दिसेल, आणि 'हिशेब'समोर काय आलंय ते बघा. फ्लश केलंत की पुरावा पुसला जातो, म्हणून आधी हे.

तीन, 'हिशेब' हे सर्व्हरचं खरं नाव आहे का, की टोपणनाव?

चार, हे सुरू झालं त्याच्या आसपास ऑफिसात काय बदललं?

आणि काउंटरवर एक वही ठेवा. बंद पडल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ, आणि त्याच्या आधी त्या मशिनवर काय काम चाललं होतं, एवढंच. अधूनमधून येणारा बिघाड समोर बसून सापडत नाही, वहीत सापडतो. तीस वर्षं हेच काम केलंय, वहीनं मला कधी फसवलं नाही.

ताणाबाणा | मंगळवार, सकाळी १०:०५

काका, मनापासून धन्यवाद. वही ठेवली.

डीएनएसच्या दोनच ओळी आहेत. पहिली १९२.१६८.१.१०, दुसरी ८.८.८.८. आयपीव्ही६ वाला पत्ता नाही. बाकीच्या आठ कॉम्प्युटरांना सर्व्हरकडून आपोआप पत्ता मिळतो आणि त्यांना फक्त १९२.१६८.१.१० आहे. काउंटरचा पत्ता हातानं भरलेला आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास सर्व्हर एक दिवस बंद होता, तेव्हा निदान नेट चालावं म्हणून मेंटेनन्सवाल्या मुलानं दुसरा पत्ता टाकला होता.

'हिशेब' हे टोपणनाव. खरं नाव 'सर्व्हर१'. सॉफ्टवेअर बसवताना सर्व्हरच्या डीएनएसमध्ये तशी नोंद केली होती.

बदल काहीच नाही.

निवांत | मंगळवार, सकाळी १०:४०

मग दुसरा डीएनएस असणं चांगलंच की. पहिल्याला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारेल.

वायरमन_काका | मंगळवार, सकाळी ११:२०

निवांत, हा समज जवळजवळ प्रत्येक ऑफिसात भेटतो, आणि माझ्या मते नेमका इथंच घोळ आहे. ताईंची वही येऊ द्या, मग सविस्तर लिहितो. ताई, बंद पडेल तेव्हा आणखी तीन गोष्टी करा: पिंग सर्व्हर१, एनएसलुकअप हिशेब (हे थेट डीएनएसला नाव विचारतं), आणि एनएसलुकअप हिशेब ८.८.८.८.

ताणाबाणा | बुधवार, रात्री ८:३०

आज दोनदा सापडला. वहीतलं जसंच्या तसं उतरवते.

"११:४२ हिशेब उघडेना. त्याआधी स्टोअरमधले भाऊ बँकेची साइट बघून गेले. ११:५६ आपोआप चालू."

"४:१० हिशेब उघडेना. त्याआधी ट्रान्सपोर्टची साइट उघडली होती, पावती शोधायला. ४:२३ चालू."

काल एकदा झालं तेव्हाही आधी कुणीतरी बाहेरची साइट उघडलेली होती.

४:१० ला तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. डिस्प्लेडीएनएसमध्ये 'हिशेब'च्या पूर्ण नावासमोर 'नेम डज नॉट एक्झिस्ट' असं लिहिलेलं होतं. पिंग सर्व्हर१ चाललं! पिंग हिशेब नाही. एनएसलुकअप हिशेब केलं तर मात्र बरोबर पत्ता आला, १९२.१६८.१.१०. हे बघून मी चक्रावले. एकाच खिडकीत, एकाच मिनिटात, एनएसलुकअपला नाव सापडतं आणि पिंगला नाही. ८.८.८.८ ला विचारल्यावर 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन'.

एनएसलुकअपमध्ये वर 'सर्व्हर: अननोन' असंही येतंय. हा दोष आहे का?

आणखी एक, कदाचित कामाचं नसेल. काउंटरवर बाहेरच्या साइट इतरांपेक्षा लवकर उघडतात. आमच्या आतल्या टेबलांवर साइट पहिल्यांदा उघडायला पाच-सात सेकंद घेते, नंतर बरी चालते. म्हणून बँक, ट्रान्सपोर्ट, काहीही बघायचं असलं की सगळे उठून काउंटरवर येतात.

वायरमन_काका | बुधवार, रात्री १०:५०

ताई, शेवटचा परिच्छेद सगळ्यात कामाचा आहे. गाठ सुटली असं मला वाटतं. जेवून निवांत बसून लिहितोय, लांबेल.

'सर्व्हर: अननोन' सोडून द्या. तुमच्या सर्व्हरवर पत्त्यावरून नाव शोधायची उलटी नोंद केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यानं काही अडत नाही.

आता दुसऱ्या डीएनएसचं. विंडोज आधी पहिल्या डीएनएसला विचारतं आणि साधारण एक सेकंद वाट बघतं. त्या वेळात उत्तर आलं नाही तरच दुसऱ्याकडं जातं. आणि उत्तर 'असं नाव नाही' असं आलं तर ते पक्कं उत्तर मानतं. मग आणखी कुठं विचारत बसत नाही. 'उत्तर आलं नाही' आणि 'नाही असं उत्तर आलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्याचं दार वाजवलं आणि कुणी उघडलं नाही, तर आपण पुढच्या घरी विचारतो. पण दार उघडून 'इथं या नावाचं कुणी राहत नाही' असं सांगितलं, तर आपण परत फिरतो. म्हणजे दोन्ही डीएनएसना एकच माहिती असली पाहिजे, हे गृहीत धरूनच ती व्यवस्था केलेली आहे. तुमच्या सर्व्हरला 'हिशेब' माहीत आहे. ८.८.८.८ हा गूगलचा, २००९ पासून जगासाठी खुला असलेला डीएनएस. त्याला इचलकरंजीतल्या एका ऑफिसातलं टोपणनाव माहीत असण्याचं कारणच नाही. तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो.

मग काउंटर त्याच्याकडं जातोच का? कारण पहिल्यानं वेळेत उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्यानं दिलं, की विंडोज काही काळ त्या दुसऱ्यालाच वर घेतं. ज्यानं उत्तर दिलं तो भरवशाचा, असा त्यामागचा विचार. त्या काळात कुणी 'हिशेब' उघडायला गेलं की प्रश्न गूगलकडं जातो, उत्तर 'नाही' येतं, आणि ते 'नाही' कॉम्प्युटर लक्षातही ठेवतो. तुम्ही डिस्प्लेडीएनएसमध्ये पाहिलंत ते हेच. फ्लश केल्यावर कधी चालायचं, कधी नाही, तेही यामुळंच: लक्षात ठेवलेलं 'नाही' पुसलं जातं, पण वर घेतलेला डीएनएस तोच राहिला असेल तर पुन्हा तेच उत्तर येतं.

एनएसलुकअपचं कोडं सोपं आहे. ते विंडोजची लक्षात ठेवलेली यादी बघत नाही, वर कुणाला घेतलंय तेही बघत नाही. आपलं आपण थेट पहिल्या डीएनएसला विचारतं. म्हणून ते बरोबर सांगत राहिलं.

'सर्व्हर१' चाललं, कारण डीएनएसनं नाही म्हटल्यावरही विंडोज जवळच्या नेटवर्कात हाळी देतं, 'सर्व्हर१ कोण?' आणि सर्व्हर स्वतः ओ देतो. 'हिशेब' हे डीएनएसमधलं टोपणनाव. त्या हाळीला ओ देणारं कुणी नाही.

राहिला एकच प्रश्न. तुमचा सर्व्हर बाहेरच्या नावांना एवढा वेळ का लावतो? कारण आतल्या टेबलांवर साइट पहिल्यांदा पाच-सात सेकंद घेते, आणि त्यांना तर फक्त सर्व्हरच आहे. काउंटर लवकर उघडतो, कारण तो सेकंदभर थांबून गूगलकडं पळतो. म्हणून सगळे तिथं येतात, आणि जितके जास्त येतात तितक्या वेळा 'हिशेब' हरवतो.

सर्व्हरवर डीएनएस मॅनेजर उघडा. सर्व्हरच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, फॉरवर्डर्स, म्हणजे बाहेरची नावं सर्व्हर ज्यांना विचारतो ते डीएनएस. तिथं कोणते पत्ते आहेत? आणि परत विचारतो, रागवू नका: तीन आठवड्यांपूर्वी खरंच काही बदललं नाही?

कोकणवारा | गुरुवार, सकाळी ७:३०

काका, हे सकाळी चहा घेता घेता दोनदा वाचलं. दार वाजवण्याचं उदाहरण शाळेत सगळ्यांना सांगणार.

ताणाबाणा | गुरुवार, दुपारी १:१५

काका, बदललं होतं. इंटरनेटची लाइन बदलली! जुनी तारेची काढून फायबर घेतलं, बरोबर तीन आठवडे झाले. नेट चालू झालं, स्पीड वाढला, म्हणून माझ्या डोक्यात तो 'बदल' म्हणून राहिलाच नाही.

फॉरवर्डर्समध्ये दोन पत्ते आहेत, दोन्ही जुन्या इंटरनेटवाल्याचे. एडिट दाबलं तर दोघांपुढंही लाल फुली आली आणि टाइमआउट झाल्याचं लिहून आलं. मी तो स्क्रीन बराच वेळ नुसता बघत बसले. तीन आठवडे शोधत होते ते इथं होतं.

सर्व्हरवरून एका नवीन साइटला एनएसलुकअप केलं. 'टाइमआउट वॉज २ सेकंड्स' हे दोनदा आलं, मग निघालं. लगेच परत केलं तर पटकन उत्तर.

वायरमन_काका | गुरुवार, दुपारी २:००

सापडलं. बहुतेक इंटरनेट कंपन्यांचे डीएनएस फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात, आणि ते योग्यही आहे. तुम्ही आता त्यांचे ग्राहक नाही. तुमचा सर्व्हर आधी पहिल्या पत्त्याला विचारतो, मूळ सेटिंगप्रमाणं तीन सेकंद थांबतो, मग दुसऱ्याला, पुन्हा तीन सेकंद, आणि मग कंटाळून स्वतःच मुळापासून, रूट सर्व्हरपासून विचारत जातो. उत्तर मिळतं, ते तो मुदत संपेपर्यंत लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्यांदा पटकन.

८.८.८.८ दिवाळीपासून काउंटरवर होता, पण सर्व्हर वेळेत उत्तर देत होता तोवर त्याच्याकडं जायची वेळ क्वचितच आली. लाइन बदलली आणि ती रोज यायला लागली.

करायचं असं. फॉरवर्डर्समधले जुने दोन्ही काढा. नव्या कंपनीचे डीएनएस विचारून घ्या, नाहीतर ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. हो, तोच ८.८.८.८. त्याची जागा सर्व्हरच्या मागं आहे, कॉम्प्युटरच्या यादीत नाही. मग काउंटरवरून दुसरा डीएनएस काढून फक्त १९२.१६८.१.१० ठेवा, फ्लश करा, एकदा रीस्टार्ट.

दोन्ही करा. फक्त फॉरवर्डर बदललात तरी आज चालेल, पण पुढं कधी लाइन अडखळली की काउंटर परत हरवेल.

निवांत | गुरुवार, दुपारी २:२५

पण काका, सर्व्हर बंद पडला तर काउंटरचं नेटही जाईल ना? त्या मुलानं त्यासाठीच टाकला होता.

वायरमन_काका | गुरुवार, दुपारी ३:१०

बरोबर प्रश्न. त्या मुलाचं त्या दिवशीचं काम चूक नव्हतं, सर्व्हर उठल्यावर ते काढायचं राहिलं. खरा उपाय म्हणजे ऑफिसातच दुसरा डीएनएस सर्व्हर, ज्याला 'हिशेब' माहीत आहे. नऊ कॉम्प्युटरांसाठी तो खर्च मी आज करायला सांगणार नाही. सर्व्हर बंद असेल तर हिशेब तसाही बंद आहे. त्या वेळी ई-वे बिलापुरता मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. ताई, बरोबर आहे का तुमच्याकडच्या कामाच्या दृष्टीनं?

ताणाबाणा | गुरुवार, सायंकाळी ७:४०

बरोबर आहे. सर्व्हर नसताना नुसत्या नेटवर आमचं एखादंच काम होतं, ते मोबाइलवर होईल.

दोन्ही बदल केले. आतल्या टेबलावर बँकेची साइट लगेच उघडली, तेव्हा आमच्या वयानं मोठ्या कॅशियर बाई म्हणाल्या, "आता काउंटरवर जायला नको." त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, दिवसातून पाच-सहा फेऱ्या मारत होत्या. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री ११:००

होस्ट्स फाइलचा माझा सल्ला मागं घेतो. ती ओळ टाकली असती तर 'हिशेब' चालू झालं असतं आणि फॉरवर्डरकडं कुणी बघितलंच नसतं. ताईंचं अभिनंदन, वही लिहिणारी माणसं कमी भेटतात.

ताणाबाणा | बारा दिवसांनी, मंगळवार, सकाळी ११:३०

काका आणि सगळे, कळवायचं राहिलं होतं. वीस तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या गर्दीत सगळ्या टेबलांवर बाहेरच्या साइट सतत चालू होत्या, तरी काउंटर एकदाही अडला नाही. वहीत त्या गुरुवारनंतर एकही नोंद नाही. सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: इंटरनेटची लाइन बदलली तर फॉरवर्डर बदलायचे. खाली दोन्ही पत्ते आणि तारीख.

एक विचारायचं होतं. स्टोअरमधला प्रिंटर स्कॅन केलेली पावती 'हिशेब'वर पाठवतो आणि कधीकधी 'पाठवता आली नाही' म्हणतो. जुना आहे म्हणून सगळे सोडून देत होते.

वायरमन_काका | मंगळवार, दुपारी १२:१०

प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस बघा.

ताणाबाणा | मंगळवार, दुपारी १२:२५

८.८.८.८ आहे. काढून येते.